संगणक तीन, नंबर कोणाचा?

२०२५ साली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्राला लागू झाली. नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. वर्तमानपत्रांनी सर्व्हरवर रकाने भरले, पालकांनी संताप व्यक्त केला, सरकारी खुलासे आले. ते सगळे व्हायलाच हवे होते. पण ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, ती हा फॉर्म भरायला नेमकी कुठे जाऊन बसते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

त्या दिवसांत आमचे काही कार्यकर्ते कसबा पेठेतल्या एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयात बसून मुलांना फॉर्म भरायला मदत करत होते. मीही चार-पाच दिवस गेलो. ग्रंथालयाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका ग्रंथालयाचा नाही. तिथे तीन संगणक आहेत. एकाचा स्पेसबार अंगठ्याने ठोकावा लागतो, दुसऱ्यावर मराठी टाइप केले की वेलांट्या आपली जागा सोडतात, तिसरा धडधाकट आहे. म्हणजे खरी रांग तिसऱ्यासाठीच असते. भिंतीवर नियम एकच लावला आहे: प्रथम येणाऱ्यास प्राधान्य.

ऐकायला हा नियम अगदी न्याय्य वाटतो. तो जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, कोणाचा कोण लागतोस हेही विचारत नाही. वशिल्याला कंटाळलेल्या माणसाला रांगेचा मोठा आधार वाटतो, मलाही वाटतो. पण सकाळी आठ वाजता कुलूप उघडते तेव्हा दारात कोण उभे असते, ते एकदा पाहावे. आठ वाजता दारात उभे राहणे ज्यांना जमते, तेच उभे असतात. त्यात बहुतेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण. कोणी बीडचा, कोणी परभणीचा, पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारा. या मुलांना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडेही संगणक नाही. एमपीएससीचा अर्ज, हॉल तिकीट, उत्तरतालिका, उत्तरतालिकेवरची हरकत, सगळे ऑनलाइनच आहे. फक्त त्यांची खोली दोन गल्ल्या पलीकडे असते आणि दिवसाची आखणी त्यांच्या हातात असते. शिवाय अभ्यासिकेतली सवय ते सोबत आणतात: टेबलावर वही ठेवली की जागा आपली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या महाराष्ट्राला यात काही नवल वाटायला नको. इथे रुमालाऐवजी पेनड्राइव्ह असतो, एवढेच.

कागदीपुऱ्याकडून येणारी मुलगी साडेनऊला पोहोचते. घरातले पाणी भरून, धाकट्यांचे खाणे करून, आईच्या शिलाईच्या कामात थोडा हात लावून. साडेनऊला तिचा नंबर सहावा लागतो. बारा वाजता ग्रंथालय बंद होते आणि तोवर तिसऱ्याचेच काम चाललेले असते. ‘संध्याकाळी ये’ असे सांगितले जाते. संध्याकाळी चारला रांग नव्याने लागते. सकाळचा सहावा नंबर तेव्हा कोणी मोजत नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. दोन दिवस हेलपाटे घातलेली मुलगी आणि आत्ताच पहिल्यांदा आलेला मुलगा या रांगेसाठी एकसारखेच असतात. काल कोण रिकाम्या हाताने परत गेले, याची तिला आठवणच नसते.

जाता जाता: कागदीपुरा हे नाव कागद बनवणाऱ्या कागदी मुसलमानांच्या वस्तीवरून पडले. जुन्या पुण्याला लिहायला लागणारा हातकागद कसब्याच्या या भागात तयार होत असे. तिथल्या मुलीला आज एक अर्ज भरायला तीन संगणकांपुढे ताटकळावे लागते. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

आता मूळ मुद्दा. ग्रंथालयाला वाटपाचा प्रश्न नवा नाही. पण आजवर ज्या गोष्टी त्याने वाटल्या, त्यांचा स्वभाव वेगळा होता. मुक्तद्वार वाचन विभागातले वर्तमानपत्र घ्या. सुटी पाने करून चार आजोबा ते एकाच वेळी वाचतात. एकाकडे क्रीडा पान, दुसऱ्याकडे अग्रलेख, तिसऱ्याकडे निधनवार्ता. पुस्तक घरी नेता येते, रात्री वाचता येते, हव्या त्या पुस्तकावर नंबर लावून ठेवता येतो. संगणकाची पाने सुटी होत नाहीत आणि तो घरीही नेता येत नाही. वाटता येतो तो फक्त वेळ. वेळ वाटायचा म्हटला की कोणाचा वेळ मोकळा आहे आणि कोणाचा दुसऱ्यांनी आधीच वाटून घेतला आहे, हे बघावेच लागते.

आपल्या शहराला असा हिशेब अनोळखी नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेठांमधले हौद भरले जात. फडके हौद हे नाव आज आपण चौकाचे म्हणून घेतो, पण त्यामागे पाण्याची एक सार्वजनिक व्यवस्था होती आणि त्या व्यवस्थेच्या बाहेर उभी केलेली माणसेही होती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करावेत असे ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यात साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. हे पुढे राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये आले: विहिरी, तलाव, रस्ते आणि पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक वापराची ठिकाणे यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवणूक करता येणार नाही. अनुदान घेणारे ग्रंथालय असेच ठिकाण आहे.

पाण्याचे उदाहरण देताना मी भान ठेवतो. संगणकासमोर ताटकळणे म्हणजे अस्पृश्यता नव्हे, आणि दोन्ही एका पारड्यात घालू नयेत. मला एवढेच सांगायचे आहे की दार खुले असणे ही पहिली पायरी आहे. कसब्यातल्या त्या ग्रंथालयाचे दार कोणालाही बंद नाही, कोणी कोणाला ‘येऊ नको’ म्हणत नाही. तरीही रोज ठरावीक माणसेच आत बसतात आणि ठरावीक माणसेच परत जातात. कोणाच्याही वाईट हेतूशिवाय हे घडते, म्हणून त्यावर बोट ठेवणे अवघड जाते.

दार खुले झाल्यानंतर वाटप कसे करायचे, याचा धडा पुणे जिल्ह्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले गेले: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही. पाणी सोडणारा पाटकरी ठरलेला, आणि नियम लाभार्थ्यांनी एकत्र बसून मान्य केलेले. ज्याची जमीन मोठी आणि पाटाच्या तोंडाशी, त्याने आधी आणि भरपूर घ्यावे, या रिवाजाला तो सरळ छेद होता. आमच्या ग्रंथालयात पाटाच्या तोंडाशी राहणारे म्हणजे आठ वाजता दारात असणारे. उसाचे पीक म्हणजे काय, ते वाचकांनी ओळखले असेल: दुपारपर्यंत चालणारे व्याख्यानांचे व्हिडिओ.

संगणकाच्या बाबतीत ‘एक यंत्र ठेवा, लोक आपापले शिकतील आणि वाटून घेतील’ हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. जानेवारी १९९९ मध्ये सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. पुढे असेच संगणक आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसवले गेले. कोणी न शिकवता मुले माऊस चालवू लागली, याचे जगभर कौतुक झाले आणि ते खोटे नव्हते. पण नंतर पाहणी करणाऱ्या काही अभ्यासकांना यंत्रापुढे मोठे मुलगे दिसले. लहान मुले आणि मुली मागे होत्या, आणि बराच वेळ खेळांत जात होता. वारणानगरचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा. १९९८ साली तिथल्या सत्तर गावांत संगणक केंद्रांचे जाळे उभारले गेले. शेतकऱ्याला जगाची माहिती मिळावी ही कल्पना. प्रत्यक्षात यंत्रे मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी वापरली गेली आणि काही वर्षांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर नेण्याचा प्रयोग झाला. यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याचे काम आधी.

यातले माझे आवडते उदाहरण बंगळुरूचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन केंद्रातल्या उदयसिंग पवार, जॉयजीत पाल आणि केंटारो तोयामा यांनी सरकारी शाळांमध्ये पाहिले, की एका संगणकाभोवती मुलांचा घोळका असतो आणि माऊस मात्र एकाच्याच हातात राहतो. बाकीची मुले पाहत राहतात. २००६ च्या सुमारास त्यांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले आणि पडद्यावर प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. यंत्र तेच राहिले, पण हात वाढले. आमच्या कार्यकर्त्यांनाही मी हेच सांगतो: शेजारी बसा, बोटाने दाखवा, पण माऊस हातात घेऊ नका. ‘सरक, मी पटकन भरून देतो’ या वाक्याने फॉर्म भरला जातो खरा. पण पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ती मुलगी पुन्हा ‘पटकन भरून देणारा’ शोधत फिरते आणि तो बहुधा दुकानात पैसे घेऊन बसलेला असतो.

‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, संगणक लागतो कोणाला?’ असे विचारणारे भेटतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे. पण घरातला मोबाइल कोणाच्या खिशात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३.३ टक्के होते आणि पुरुषांचे ५७.१ टक्के. आणि ज्यांनी मोबाइलवर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका अशी सगळी कागदपत्रे ठरलेल्या आकारात बसवून चढवण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना संगणक कशाला लागतो हे विचारावे लागत नाही.

खिशातल्या मोबाइलवरून आठवले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. लाभार्थी स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचेही प्रमाणीकरण हवे होते. मुदत नोव्हेंबरची होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ग्रंथालयातल्या संगणकापुढे बसलेल्या बाईला अर्ध्या तासाची पाळी मिळते. त्यातली दहा मिनिटे पान उघडण्यात जातात. मग ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा त्या वेळी रिक्षा घेऊन हडपसरला असतो. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते आणि बाईची पाळीही. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांची अडचण याहून मोठी होती. त्यांच्यासाठी नंतर कागदपत्रे जमा करण्याची वेगळी सोय करावी लागली. तलाकनंतर हातात एक कागदही न मिळालेल्या बाया आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. हे दोष सरकारी पोर्टलचे आहेत, ग्रंथालय ते दुरुस्त करू शकत नाही. पण ग्रंथालयाचा नियम त्यांचा भार कोणावर टाकतो, हे मात्र ग्रंथालयाच्या हातात आहे. घड्याळाने अर्धा तास झाला म्हणून अर्धवट भरलेल्या फॉर्मवरून बाईला उठवणे म्हणजे सर्व्हरच्या चुकीचा दंड तिच्याकडून वसूल करणे.

म्हणून, सर्वांना सारखी मिनिटे दिली की न्याय झाला, असे मी मानत नाही. ज्याला हॉल तिकिटाची एक प्रत काढायची आहे त्याला पाच मिनिटे पुरतात. पण तो आज दोन तासवाल्याच्या मागे उभा राहतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. या एका नियमातून अर्धा प्रश्न सुटतो. तीनपैकी एक संगणक उंच टेबलावर ठेवावा, समोर खुर्चीच नको. उभ्याने पंधरा मिनिटांत होईल तेवढेच काम तिथे करायचे. उरलेल्या दोनवर पाऊण तासाच्या पाळ्या. त्यातल्या निम्म्या पाळ्या आदल्या दिवशी नाव देऊन, फोन करूनही, धरता याव्यात. निम्म्या आयत्या वेळी येणाऱ्यांना. म्हणजे घरकामाला जाणारी बाई आपल्या मोकळ्या तासाला येऊ शकेल आणि अचानक अडचण आलेलाही परत जाणार नाही. पाळी संपली आणि फॉर्म अर्धवट असेल तर एकदा पंधरा मिनिटे वाढवून द्यावीत. या आठवड्यात ज्याला सर्वांत कमी वेळ मिळाला, त्याचा नंबर आधी. त्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. एका वहीत माणशी एक ओळ आणि वारांचे सात रकाने पुरतात.

ही वही मात्र टेबलावर उघडी पडता कामा नये. जुन्या पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘तुमची पोरगी काल तासभर कम्प्युटरवर होती’ ही बातमी मुलगी घरी पोहोचायच्या आत घरी पोहोचते. सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये नियम केले: ओळखपत्र पाहा, नोंदवही किमान वर्षभर ठेवा, आडोसा साडेचार फुटांहून उंच नको, आडोशात नसलेले पडदे बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा. हे नियम धंदा म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी होते. ते कॅफे आता जवळपास दिसेनासे झाले, पण पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवण्याची सवय मी पाहिलेल्या या ग्रंथालयात उतरली आहे. तिथे एक मुलगी वसतिगृहाची माहिती शोधत होती. मागून जाणारा प्रत्येकजण डोकावून जात होता. तिने दोनदा पान बंद केले आणि शेवटी काम न करताच उठली. तिने काय शोधले, हे ग्रंथपालांनाही कळायची गरज नाही. प्रत्येक पाळीनंतर आधीच्या वापराच्या खुणा आपोआप पुसल्या जाव्यात, एवढी सोय कोणताही जाणकार मुलगा तासाभरात करून देईल.

हा केवळ सोयीचा विषय नाही. केरळात कोळिकोडजवळच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढले आणि ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत प्रवेश देण्यास सांगितले. ‘मुलींच्या भल्यासाठी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या अनेक नियमांची झाडाझडती त्या निकालाने घेतली आहे.

याच संदर्भात आमच्या बैठकीत एक वाद झाला. एका कार्यकर्तीचे म्हणणे होते की दुपारचे दोन तास फक्त महिलांसाठी राखावेत. त्याशिवाय काही घरांतून मुलींना पाठवणारच नाहीत. मला हे पटत नाही. दोन तास बायकांचे झाले की उरलेले सगळे तास आपसूक पुरुषांचे ठरतात. लोकलच्या महिला डब्यामुळे बाकीचे डबे कोणाचे झाले, ते आपण जाणतोच. त्यापेक्षा राखीव हक्क पहिल्यांदा येणाऱ्यांना द्यावा. त्यात बहुतांश बायकाच असतील. पण पासष्ट वर्षांचे तांबट आळीतले काकाही असतील, ज्यांना पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा आहे. ती मात्र म्हणाली, ‘तुम्ही तत्त्व सांभाळा, तोवर त्या पोरीचा फॉर्म राहतो.’ तिच्या या बोलण्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सध्या आम्ही दोन्ही गोष्टी ग्रंथालयापुढे ठेवल्या आहेत: पहिल्यांदा येणाऱ्यांना प्राधान्य, आणि एक संगणक भिंतीकडे पडदा करून, जिथे बसणाऱ्या मुलीच्या मागून रस्ता जाणार नाही.

ग्रंथपालबाईंबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान. शेजारच्या कर्नाटकसारखा ग्रंथालय कर आपल्याकडे नाही. गाडा अनुदानावर आणि वर्गणीवर चालतो. त्यात कर्मचाऱ्यांना काय मिळते ते त्यांनाच विचारा. या बाई एकट्या पुस्तके देतात, घेतात, वर्तमानपत्रे लावतात, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढतात आणि वर संगणकावरून होणारी भांडणेही सोडवतात. ‘याला उठवा’ म्हटले तर एक नाराज, ‘बसू द्या’ म्हटले तर दुसरा. लिहिलेला, वापरणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवलेला नियम भिंतीवर असेल, तर त्यांना पंच व्हावे लागणार नाही. त्या बैठकीला स्पर्धा परीक्षेची मुले हवीतच. नियमाचा भार सर्वांत जास्त त्यांच्यावर पडणार आहे, आणि उद्या यातलाच कोणी तहसीलदार म्हणून रेशनच्या रांगेचा निर्णय करणार आहे. मी बोललो तेव्हा त्यांच्यातल्या एकाने स्वतःच सुचवले की व्याख्यानांचे व्हिडिओ रात्रीच्या शेवटच्या तासाला ठेवावेत, तेव्हा तसेही कोणी येत नाही.

सर्वांत साधी अडचण मात्र अजून सुटलेली नाही. पुण्यातल्या दुपारच्या बंद दुकानांवर विनोद पुष्कळ झाले. हे ग्रंथालयही बारा ते चार बंद असते. कसब्यातल्या ज्या बायकांशी आमच्या कार्यकर्त्या बोलल्या, त्यांतल्या बहुतेकींना घरून निघता येते ते याच वेळात: स्वयंपाक उरकलेला, मुले आणि पुरुष बाहेर, संध्याकाळची धुणीभांडी अजून लांब. आम्ही ग्रंथालयाच्या समितीला पत्र दिले आहे की मंगळवार आणि शुक्रवार असे निदान दोन दिवस दुपारी संगणकाची खोली उघडी ठेवावी. समितीने विचारले, जबाबदार माणूस कोण बसणार आणि किल्ली कोणाकडे राहणार? तीन जणींनी नावे दिली आहेत. त्यांतल्या दोघी गेल्या मे महिन्यात त्याच रांगेत आपल्या मुलींसोबत उभ्या होत्या. समितीची बैठक अजून व्हायची आहे, आणि अकरावीची नोंदणी पुन्हा मे महिन्यातच येईल.